हलव्याचे डेंगळे

प्रेरणा आली की सगळ्यात आधी माझे गुडघे दुखतात. ती येते माझ्या नातीला, आणि गाडीत बसावं लागतं मला.

नात दागिने करते. सोन्याचांदीचे नव्हेत. पितळेची तार, भाजक्या मातीचे मणी, सुती दोरा, कधी रिठ्याच्या बिया, असल्या वस्तूंचे. हातानं करते आणि फोनवरून विकते. प्रत्येक दागिन्याखाली लिहिते, की हा अमक्या डोंगरावर सुचला, हा तमक्या तळ्याकाठी. मी एकदा विचारलं, "आणि न्हाणीघरात सुचलेला कुठला गं?" तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. जावई ओझरच्या कारखान्यात नोकरीला, बिऱ्हाड आमच्यासारखंच गंगापूर रोडला, चालत येण्याच्या अंतरावर. त्यामुळे ती सासरी गेली असं मला अजून वाटलेलं नाही. आल्या आल्या आमचा फ्रिज उघडते ती उघडतेच. खरं सासर येवल्याच्या अलीकडे एका गावात. कांद्याची मोठी शेती, ऐसपैस घर, माणसं भरपूर. विहीणबाई, म्हणजे नातीच्या सासूबाई, वाईट नाहीत. धडधाकट, तोंडानं स्पष्ट, हातानं सढळ. पण नव्या सुनेची ओळख करून देताना त्या म्हणतात, "शिकलेली हाय. घरी बसून मणी ओवते."

एवढ्या चार शब्दांनी माझ्या नातीची झोप उडायची. "आजी, मी मणी ओवते का गं?" "ओवतेसच की." "तसं नाही. त्या कसं म्हणतात ते बघ ना. निवडण-टिपण केल्यासारखं म्हणतात." मी बघितलं होतं. तसंच म्हणतात.

तर अशात तिची पहिली संक्रांत आली. नव्या सुनेला सासरकडून काळी साडी आणि अंगभर हलव्याचे दागिने, ही आपली रीत. हल्ली दुकानात आयता सेट मिळतो, पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवलेला, मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत. विहीणबाई तोच आणणार होत्या. तेवढ्यात आमच्या बाईसाहेबांनी फोनवर सांगून टाकलं, "आई, सेट आणू नका. माझे दागिने मीच करणार. हलवासुद्धा घरचा. आजी आणि मी."

"बघ बाई," पलीकडून आवाज आला. "सगळी भावकी येणार हाय हळदीकुंकवाला. वेळंवर फजिती नको."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. डोळे चमकत होते. मला कोणीही विचारलेलं नव्हतं.

"एकदा, आजी. एकदाच त्या सगळ्यांनी बघायला हवं मी काय करते ते. मग काय म्हणायचं ते म्हणू देत."

आता यावर काय बोलणार? हलव्याचे दागिने मी हयातभर केले आहेत. घरातल्यांचे केले, शेजारणींच्या सुनांचे केले, बोरन्हाणाच्या बाळांचे तर विसरण्याइतके केले. बोटांना सवय आहे. मी म्हटलं, ठीक आहे, चिंचपेटी करू, बोरमाळ करू, वेणी करू. त्यावर नातीनं असं तोंड केलं जसं काही मी तिला शिळी पोळी वाढली.

"आजी, ते सगळे करतात. काहीतरी निसर्गातून घेऊ या ना."

अगं बाई, चिंचपेटी कुठून आली मग? बोरमाळ कुठून आली? आपल्या बायकांना बोर दिसलं, त्यांनी बोराची माळ केली. त्यासाठी त्यांनी गाडीत पेट्रोल भरलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं. तिनं ते ऐकलं, मान डोलावली आणि गाडीची किल्ली घेतली.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. धरणाच्या पाण्याकडे गेलो. तिथं वारा असा, की माझ्या कानटोपीत शिरून बाहेर यायचा. नात चिखलात उकिडवी बसून वाळक्या शेवाळाचे फोटो काढत होती. "आजी, हे टेक्श्चर बघ." मी बघितलं. आमच्या मोरीत तसलं बरंच होतं, सुनेनं घासून काढलं. मग अंजनेरीच्या पायथ्याशी. तिथं तिला कुसळी गवत आवडलं. माझ्या लुगड्याला ते चिकटलं ते घरी येऊन वेचत बसावं लागलं, तेव्हा हातात प्रेरणा नव्हती, नुसती कुसळं होती. एका बाभळीखाली तिनं मला घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि सुगरणीच्या रिकाम्या घरट्याकडे बघत स्वतः उभी राहिली. इतका वेळ उभी राहिली की एका मेंढपाळानं थांबून मला विचारलं, "पोरगीला काय दिसतंय का वर?" मी म्हटलं, "दिसलं तर सुटले."

मला चीड येत होती ती थंडीची नाही की गुडघ्यांची नाही. मला चीड येत होती कारण ही बाई मला ओळखीची होती. असलं येडं मी आरशात पाहिलेलं होतं.

नव्यानं लग्न होऊन आले तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, त्यांतल्या एकीत बक्षीस, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला कलावंत समजत असे. बोलता बोलता मधेच थांबायचं आणि खिडकीतून लांब बघायचं, म्हणजे समोरच्याला वाटावं हिच्या मनात काहीतरी मोठं चाललंय. चाललेलं काहीच नसायचं. बहुधा भूक लागलेली असायची. एकदा दारात भाजीवाली उभी असताना मी तिच्या टोपलीतल्या कारल्याकडे इतक्या तल्लीनतेनं बघत राहिले, की तिनं सासूबाईंना हाक मारून विचारलं, सूनबाईला बरं नाही का.

पण ही गोष्ट नातीला मी तोवर सांगितली नव्हती. ती सांगायची वेळ आली येवल्याहून परतताना.

येवल्याला आम्ही पैठणीचे माग बघायला गेलो होतो. काळ्या पैठणीवरचे मोर बघून हलव्यात काही करता येईल का, अशी नातीची नवी कल्पना. बघितले. मोर छानच होते, पण साखरेच्या दाण्यांत मोराची मान होत नाही, बगळ्याची होते. हे मी सांगितलं म्हणून ती रुसली, आणि रुसून गाडी चालवत होती. मला झोप लागत होती. तेवढ्यात गाडी कडेला घेऊन ती करकचून थांबली.

"आजी. हलवा."

मी डोळे उघडले. रस्त्याच्या कडेला एक वावर, आणि वावरभर हिरव्या पोकळ दांड्यांवर पांढरे शुभ्र गोळे. कांद्याची फुलं, त्यांना डेंगळे म्हणतात. एकेक गोळा म्हणजे शेकडो बारीक पांढऱ्या चांदण्या एकत्र बांधलेल्या. आणि प्रत्येक चांदणीला बारीक टोक आलेलं. तिळावरच्या हलव्याला उत्तम काटा आला की तो अगदी अस्साच दिसतो.

मी हसायला लागले ते थांबेचना. नातीला वाटलं मला उचकी लागली. तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन मी पुन्हा हसले.

मग तिला सगळं सांगितलं. माझ्या नणंदेची पहिली संक्रांत होती. तिचं सासर नाशकातच, आणि दागिने आमच्याकडून जायचं ठरलेलं. त्याच्या काही दिवस आधी मी सासूबाईंबरोबर एसटीनं येवल्याहून येत होते. गाडीचं चाक बसलं, म्हणून सगळे खाली उतरले. बाकीचे चहा शोधायला गेले. मी कलावंत, मी शेतात गेले. तिथं मला हेच पांढरे गोळे दिसले आणि माझ्या अंगातून वीज गेली, असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत असे. मी एक डेंगळा दांड्यासकट तोडला आणि नाशिकपर्यंत छातीशी धरून आले. अख्ख्या एसटीला कांद्याचा वास. मागच्या बाकावरचा एक गृहस्थ कंडक्टरला म्हणाला, "भजी कोणी आणलीत, आम्हालाही द्या की."

घरी येऊन मी मुकुट केला. डेंगळ्यांचा. रूपानं तो खरोखर देखणा होता, ते मी आजही मागे घेत नाही. नणंदेला घातला, बायका जमल्या, सगळ्या वाहवा करायला लागल्या. कोणीतरी विचारलं, "फूल कुठलं गं हे? मोगरा का?" इथं गप्प बसले असते तर आयुष्य सोपं गेलं असतं. पण मी खिडकीतून लांब बघितलं आणि म्हटलं, "कांद्याचं."

आमच्याकडे एरवी कांदा चालायचा. सणावाराला, देवाधर्माला नाही. सवाष्णीच्या कपाळावर, संक्रांतीच्या दिवशी, हळदीकुंकवाच्या ताटासमोर कांदा. नणंदेच्या सासूनं जी मान वळवली ती तिळगूळ घेतानाही सरळ केली नाही. नणंदेनं मुकुट स्वतःच काढला.  पुढे कितीतरी महिने, घरात कोणी कौतुकानं काही बोललं की आमच्या सासूबाई मला म्हणत, "जा, तुझी फुलं चिरून आण."

नात हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मग डोकं वर करून गंभीर झाली.

"म्हणजे आपण करायचे नाहीत?"

इथं माझा शहाणपणा उफाळून आला. त्या बिचाऱ्या पोरीनं विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर ती ऐकणार होती. पण मी म्हटलं, "का नाही करायचे? तो जमाना वेगळा, ते घर वेगळं. तुझ्या सासरी कांदा म्हणजे लक्ष्मी. त्यांचं सगळं घर कांद्यावर उभं आहे. सुनेनं त्यांचंच फूल अंगावर ल्यायलं, तर विहीणबाई दृष्ट काढतील तुझी. आणि तिथं सांगू नकोस आधी. घालून उभी राहा, त्यांना ओळखू दे."

तिनं मला गाडीतच मिठी मारली. मी मनातल्या मनात त्या एसटीतल्या पोरीला म्हटलं, बघ, तुला चूक घर मिळालं होतं एवढंच. कल्पना बरोबर होती.

मग हलवा. ज्यांनी घरी केलेला नाही त्यांना वाटतं साखर आहे, होत असेल. मंद आचेवर परात, परातीत तीळ, त्यावर पळीच्या टोकानं पाक, आणि उघड्या बोटांनी तीळ फिरवत राहायचं. थांबलं की गोळा. घाई केली की गोळा. बोलण्याच्या नादात पाक जास्त पडला की गोळाच. काटा यायला कोरडी थंडी लागते. एरवी आमच्याकडे पौषात थंडीला तोटा नाही, पण नेमकं तेव्हाच आभाळ आलं. हवा ओली, दमट. सकाळपासून बसावं आणि दुपारी बघावं, तर दाणे गुळगुळीत, औषधाच्या गोळ्यांसारखे.

"पंखा लावू का?" नात.

"लाव, म्हणजे पाक थिजेल आणि आपण दोघी तो चघळत बसू."

"आई," स्वयंपाकघराच्या दारातून माझी सून म्हणाली, "गॅस पोळ्यांना कधी मिळेल, तेवढं सांगता का? हे डबा घेऊन जातात, परात घेऊन जात नाहीत."

नात मधेमधे फोन उभा करून माझ्या हातांचं चित्रण करत होती. मी एकदा कॅमेऱ्याकडे बघून जीभ काढली. ते तिनं कापलं नाही. म्हणे त्यालाच सगळ्यात जास्त लोकांनी बदाम पाठवले. अशी प्रेरणा मला आधी सांगितली असती तर धरणावर जायची गरज नव्हती.

शेवटी आभाळ निवळलं आणि थंडी पडली. गच्चीत शेगडी घेऊन मी पहाटेच बसले, आणि तिळातिळावर काटा फुटायला लागला; उरल्या पाकात मूठभर लवंगाही घोळवल्या. बोटांची टोकं भाजून लाल. पुढचं काम नातीचं. हलव्याच्या दाण्याला भोक नसतं. दोन दोऱ्यांच्या मधे दाणा धरायचा, गाठ मारायची, पुढचा दाणा धरायचा. दाणा दाबला गेला की काटा मोडतो. ती पोर त्या गाठी मारत होती तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या कामाकडे नीट बघितलं, टवाळी न करता. कापसाच्या गोळीभोवती दाणे असे बसवत होती की दोरा कुठे दिसू नये. हिरव्या दोऱ्यानं मढवलेली तार, तिच्या टोकाला डेंगळा. मुकुटाला डेंगळे, कानांत डेंगळे, बाजूबंदाला डेंगळे. गळ्यात मात्र मी हट्टानं साधी माळ करायला लावली. मला बोलून दाखवायची सवय नाही, म्हणून म्हटलं, "बरं झालंय. मुंग्यांना आवडेल."

संक्रांतीला गावी निघालो. जावई गाडी चालवत होते, खोकं माझ्या मांडीवर. झाकण उघडायला त्यांनाही परवानगी नव्हती. रस्त्यात खड्डा आला की नात मागे वळून माझ्याकडे अशी बघायची, जसा खड्डा मीच खणला होता.

विहीणबाईंनी ओसरीत जाजम घातलं होतं. एका बाजूला सुगडं मांडलेली. त्यांत ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे. दुपारी बायका जमल्या. नात आतल्या खोलीत नटली, काळी साडी नेसली, सगळं अंगावर चढवलं आणि बाहेर येऊन पाटावर उभी राहिली. मी आजी आहे, मला ती कशीही दिसते चांगली. पण त्या वेळी ओसरीतली कुजबूज एकदम थांबली, ती काही माझ्यामुळे थांबली नव्हती.

"अगं बया, लयच बारीक काम हाय," एक म्हणाली.

"घरी केलं? हातानं?"

"दोरा बी दिसंना."

नातीचा चेहरा फुलत चालला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी डोळा मारला. तेव्हा ती म्हणाली, "कशाची फुलं आहेत, ओळखा."

एक चुलत सासू, वयानं माझ्याएवढी, चष्मा सावरत पुढे आली. कानातला गोळा दोन बोटांत धरून तिनं वर केला, खालची तार बघितली. मग मागे वळून विहीणबाईंना म्हणाली, "हे डेंगळे हायेत की गं."

"बरोबर," नात म्हणाली.

 मी लक्ष्मीचं वाक्य तयार ठेवलं होतं, ते म्हणायला तोंड उघडलं, पण विहीणबाईंचा चेहरा बघून मिटलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडावर भीती होती, ते जास्त वाईट होतं.

"डोक्यावर डेंगळा?" त्या हळू म्हणाल्या. "सणाच्या दिवशी? आजी, तुम्ही पण काय बोलला नाय हिला?"

"मीच सांगितलं कर म्हणून," मी म्हटलं. "कांदा म्हणजे तुमची लक्ष्मी."

"कांदा लक्ष्मी. डेंगळा न्हवं." त्या पुढे आल्या. "डेंगळा आला की कांदा गेला, आजी. मधी दांडा भरतो. टिकत नाय, साठवणीच्या चाळीत ठेवला तर बाजूचे बी सडवतो. व्यापारी हात लावत नाय त्याला. आमी बाया लावून उपटून टाकतो ते, आन् तुमी माझ्या सुनंच्या डोक्यावर लावले."

"रस्त्याला इतकं सुंदर वावर फुललं होतं," नात कशीबशी म्हणाली.

"बियासाठी लावलेला प्लॉट असंल तर ठीक. पण बियाचे डेंगळे एवढ्या लवकर नाय फुलत. ते खायच्या कांद्याला आलेले असणार. ज्याचं वावर असंल, तो रडत असंल बाई."

मला काय वाटलं म्हणून सांगू? लाज वाटायला हवी होती, पण आधी आली चीड. निसर्गाचीच चीड आली. नुकसान करायचं तर नुकसानासारखं दिसावं, इतकं देखणं दिसायचं काय कारण? मग स्वतःची आली. इतकी वर्षं भाजीवाल्यासमोर बसून मी कांदे निवडते. मधे जाड दांडा असलेला कांदा हाताला लागला की बाजूला फेकते, वर त्याला ऐकवतेही, असले कशाला आणतोस. तो दांडा पुढे कुठे जातो, त्याच्या टोकाला काय येतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. सासूबाईंच्या घरातला कांदा मी नीट लक्षात ठेवला होता, आणि त्यावरून दुसऱ्याच्या घराचा हिशेब मांडला. एसटीतली ती पोरगी निदान लहान तरी होती.

नात पाटावर तशीच उभी.  भावकी बघत होती. विहीणबाईंनी मुकुटातला एक डेंगळा धरून ओढला. निघाला नाही. जोर लावला, तरी नाही.

"लय पक्क्या गाठी मारल्यात," त्या पुटपुटल्या. "कात्री आण गं कोणीतरी."

"कात्री नको."

हे नात म्हणाली. आवाज रडवेला होता, पण खाली आला नाही. "कात्रीनं दोरा तुटला तर सगळे दाणे सांडतील आणि काटा मोडेल. मी सोडते. मला येतं."

ती पाटावरून उतरली आणि काळ्या साडीसकट जाजमावर मांडी घालून बसली. मुकुट, कानातले, बाजूबंद काढून मांडीवर घेतले. "मला एक ताट द्या कोणीतरी. आजी, सुईदोरा." तो माझ्या पिशवीत असतोच. ती गाठी सोडवायला लागली. बायका उभ्या होत्या त्या एकेक करून खाली बसल्या, कारण उभं राहून ते दिसत नव्हतं. नखाच्या टोकानं गाठ सैल करायची, दाणा ताटात, पुढची गाठ. थोडे दाणे मोडले ते चुलत सासूनं तोंडात टाकले आणि म्हणाली, "कडक हाय. चांगला झालाय."

डेंगळे गेले. तारा उरल्या, दोरे उरले, आणि ताटभर हलवा. नात त्याकडे बघत राहिली. मला धास्ती वाटली की आता ही परत लांब कुठेतरी बघायला लागेल आणि आपल्याला गाडी काढावी लागेल. पण तिनं हात लांब करून सुगडातला हरभऱ्याचा घाटा उचलला.

"आई," ती विहीणबाईंना म्हणाली, "हा चालतो का अंगावर?"

"घाटा? घाटा चालतो की. सुगडातलाच हाय."

"झाडावर कसा असतो? जोडीनं येतो की एकटा?"

एवढ्या हिंडण्यात हा प्रश्न आम्ही कुणाला म्हणजे कुणालाही विचारला नव्हता.

"एकटा येतो," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी दोन बोटं खाली वाकवून दाखवली. "असा. देठाला लोंबतो. तोंड जमिनीकडं."

"आणि हे टोक? चोचीसारखं आहे ते?"

"ते वाळलं की गळतं. हिरवा असताना असतं." मग टोकावर बोट ठेवून, "टोक कशाचं करशील? हलवा तर गोल हाय."

"लवंगेवरचा हलवा आहे थोडा, खोक्यात उरलेला. तो लांबट असतो."

विहीणबाई खाली बसल्या. नातीनं दोऱ्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या अंगठ्याला गुंडाळलं आणि कामाला लागली. दाणा, गाठ, दाणा, गाठ. मधे पोट फुगवायचं, खाली निमुळतं करायचं, टोकाला लवंग. पहिला घाटा वाकडा झाला. तिनं तो सोडला. चुलत सासूनं सांगितलं, आणखी जरा फुगीर पाहिजे, आत दोन दाणे असतात. तिनं फुगीर केला. कोणी म्हणालं, "इतक्या गाठी? बोटं दुखत न्हाईत का गं?" तिनं मान वर न करता सांगितलं, दुखतात.

ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली गेलं. हळदीकुंकवाचं ताट तसंच. मला चहा हवा होता, पण तो करायला उठेल अशी एकही बाई तिथं राहिली नव्हती. सगळ्यांच्या माना त्या ताटात. मी एकटी भिंतीला टेकून, मांडीवर दोऱ्याचं रीळ घेऊन, जमेल तेवढी वैतागलेली.

दारात गावातल्या आणखी दोघी-तिघी आल्या, हळदीकुंकवाला. आतलं दृश्य बघून उंबऱ्यातच थांबल्या.

"काय चाललंय वहिनी? यायचं का नंतर?"

विहीणबाईंचे दोन्ही हात अडकलेले होते. त्यांनी नुसती मान तिकडे केली.

"बसा. वेळ लागंल. सूनबाईचं काम चालू हाय."

"आई," नात म्हणाली, "दोरा ढिला सोडलात."

"नाय सोडला," विहीणबाई म्हणाल्या, आणि घट्ट ओढून धरला.